अर्ज घ्या आणि पोच द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे, तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय सल्लागार समिती,
मा. अग्रणी जिल्हा व्यवस्थापक, ठाणे,
आणि ठाणे जिल्ह्यातल्या सर्व सरकारी व खासगी बँकांचे शाखाधिकारी

विषय : झिरो बॅलन्स खात्याचा अर्ज प्रत्येक शाखेत स्वीकारणे, त्याची सही-शिक्क्यासह पोच देणे आणि नकार असल्यास तो लेखी कळवणे.

सप्रेम नमस्कार,

मागणी छोटी आहे आणि ती वर विषयात लिहिली आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी जाहीर पत्र लिहायची वेळ का आली, ते सांगते.

मी दिघा, ऐरोली आणि कळवा-विटावा पट्ट्यातल्या महिला बचत गटांबरोबर काम करते. आमच्या गटांतल्या बहुतेक जणी घरकाम करतात. काही रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला जातात, काही पहाटे वाशीच्या मार्केटला कांदा-लसूण निवडायला. बऱ्याच जणींचे नवरे नाक्यावर उभे राहून त्या दिवसाचं काम मिळवतात. जालना, परभणी, वाशीम, सोलापूरकडची माणसं जास्त, थोडी उत्तरेकडची. फॉर्म भरून देणं, पासबुक वाचून दाखवणं, पैसे कुठे अडकलेत ते शोधणं, यात माझा दिवस जातो. बँकेच्या काउंटरवर काय बोललं जातं ते मी ऐकीव सांगत नाही. माझ्यासमोर बोललं जातं.

एखादी बाई आधार कार्ड, दोन फोटो आणि पदराच्या गाठीला दोनेकशे रुपये घेऊन शाखेत जाते. "झिरो बॅलन्सचं खातं काढायचंय," म्हणते. तिला मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. "इथे होत नाही, ग्राहक सेवा केंद्रात जा." "भाड्याचा करार आणलाय का?" "आधारवर गावचा पत्ता आहे, गावीच काढा." "जनधन बंद झालं आता." "पाच हजार भरा, रेग्युलर काढून देतो." "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या." ती सोमवारी परत येते. त्यासाठी तिने दोन घरी खाडा केलेला असतो आणि खाड्याचे पैसे महिन्याच्या शेवटी कापले जातात.

यातलं एकही वाक्य कुठल्याही कागदावर येत नाही. तिचा अर्ज कुणी हातात घेतलेला नसतो, त्यामुळे तो फेटाळला गेल्याची नोंदही नसते. बँकेच्या दफ्तरी ती बाई आलीच नव्हती. तुमच्या समितीच्या बैठकीत शाखानिहाय आकडे मांडले जातात, तेव्हा किती खाती उघडली ते दिसतं. किती जणींना दारातूनच परत पाठवलं, तो रकानाच नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहू. शाखेत वाद घालताना दाखवता यावं म्हणून आम्ही त्याचं मराठी टिपण छापून जवळ ठेवतो, तेच इथे थोडक्यात मांडते.

रिझर्व्ह बँकेने २००५ साली बँकांना कमी कटकटीचं साधं खातं सुरू करायला सांगितलं. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्या जागी मूलभूत बचत ठेव खातं आलं, म्हणजेच आपण झिरो बॅलन्स म्हणतो ते खातं. हे खातं म्हणजे कुणावर केलेले उपकार नव्हेत. ती सर्वांना उपलब्ध असलेली नेहमीची बँकसेवा समजावी, असं परिपत्रकातच म्हटलं आहे. किमान शिल्लक ठेवायची अट नाही. एटीएम कार्ड फुकट. पैसे भरायला कितीही वेळा मुभा, महिन्यात किमान चार वेळा काढायला मुभा, आणि एवढ्या सोयींसाठी एक पैसाही आकारायचा नाही. खातं बरेच दिवस न वापरल्याने बंद पडलं, तर ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ मध्ये या सोयी पुन्हा एकदा स्पष्ट करून सांगितल्या. एका माणसाला एका बँकेत असं एकच खातं मिळतं आणि त्याच बँकेत त्याचं दुसरं बचत खातं असू नये, एवढीच त्याची मर्यादा.

प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली, तीही याच पायावर. ती बंद झालेली नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मुदतीचं बंधन काढून ती पुढे चालू ठेवली आणि ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसताना उचलता येणाऱ्या रकमेची, मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार केली. देशात या योजनेची ५० कोटींहून जास्त खाती आहेत, त्यांतली निम्म्याहून जास्त बायकांची. हे काम खरोखर मोठं आहे आणि बँकांच्या कर्मचाऱ्यांनीच ते उभं केलं आहे. म्हणूनच ऐरोलीच्या एका काउंटरवर "जनधन बंद झालं" हे ऐकताना वाईट वाटतं.

पत्त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त माणसं तिथेच अडतात.

दिघ्यात इलठणपाडा, ईश्वरनगर, यादवनगर, गणपतीपाडा अशा वस्त्या आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच माणसं राहतात. खोलीमालक भाडं रोख घेतो, लाइट बिल त्याच्याच नावावर येतं. करार करून द्या म्हटलं की "जमत नसेल तर खोली सोडा" म्हणतो. याच दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचा प्रश्न २०१५ साली उच्च न्यायालयात गाजला होता. जिथे अख्ख्या इमारतींचे कागद न्यायालयात टिकत नाहीत, तिथल्या भाडेकरू बाईने नोंदणी केलेला करार आणायचा कुठून? आणि अकरा महिन्यांनी खोली बदलली की पुन्हा नवा करार?

नियमाने तो मागायची गरजच नाही. आधारच्या आधाराने ओळख पटवली असेल आणि सध्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्याहून वेगळा असेल, तर ग्राहकाने स्वतः लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं. "मी सध्या अमुक ठिकाणी राहते" असं लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. संपलं. जालन्याच्या पत्त्याचं आधार घेऊन दिघ्यात खातं काढता येतं. हे सांगितलं की काउंटरवरचा मुलगा गोंधळून माझ्याकडे बघतो. त्याला कुणी हे शिकवलेलं नसतं. मी त्याला दोष देत नाही, पण त्याच्या शाखाधिकाऱ्याने ते त्याला शिकवायला हवं.

ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याच्यासाठीही वाट ठेवलेली आहे. तिला छोटं खातं म्हणतात. स्वतःचा फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा एवढ्यावर ते उघडतं. शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाता कामा नये, वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा नको आणि महिन्यात १०,००० पेक्षा जास्त काढायचे नाहीत. आधी बारा महिने, आणि दरम्यान कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने. घर सोडून आलेली बाई, पुलाखाली राहणारं कुटुंब, आगीत सगळं गमावलेली माणसं, यांच्यासाठी केलेली ही सोय आहे. आमच्या पट्ट्यात मी छोट्या खात्याचं नाव काढलं की बहुतेक शाखांत "असं काही नसतं" हेच उत्तर मिळतं.

बोटांचं दुखणं वेगळंच. गवंडीकाम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा सिमेंटने खाल्लेल्या असतात. भांडी घासणाऱ्या बायकांचंही तेच. मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवायचा, पुन्हा लाल. मागे रांग कुरकुरायला लागते आणि बाई स्वतःच बाजूला होते, जणू तिचीच चूक. आमच्या एका गटातल्या मावशींनी तर ओल्या फडक्याने, मग खोबरेल लावून, मग साडीच्या पदराने पुसून, दहाही बोटं ठेवून पाहिली. शेवटी "तुमचं आधार अपडेट करून या" म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यांच्या पिशवीत मतदान ओळखपत्र होतं. ते अधिकृत कागदपत्र आहे, आणि अंगठा उमटत नसेल तर दुसऱ्या कागदपत्रावर ओळख पटवून घ्यायची वाट नियमात आहे. ते कार्ड कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मग शेवटी काय होतं? "रेग्युलर" खातं. बाई कुणाकडून तरी उसने घेऊन किमान शिल्लक भरते, कारण मुलीच्या शिष्यवृत्तीची तारीख जवळ आलेली असते. दुसऱ्या महिन्यात घरी आजारपण येतं, पैसे काढावे लागतात आणि दंड सुरू होतो. २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केले, असं सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. ज्यांच्याकडे शिल्लक नाही त्यांच्याकडून ही वसुली झाली. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यांवरची ही अट काढून टाकली आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तेच केलं. त्यांचे मनापासून आभार. पण खासगी बँकांच्या बाबतीत तसं नाही, आणि आमच्याकडे गल्लीच्या तोंडाशी शाखा असते ती अनेकदा खासगी बँकेचीच.

मूलभूत खातं मिळालं म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. आयआयटी मुंबईतल्या एका अभ्यासातून २०२१ मध्ये समोर आलं की अशा खात्यातून महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे गेले की प्रत्येक वेळेला १७ रुपये ७० पैसे कापले जात होते, आणि त्यात यूपीआयने केलेले व्यवहारही धरले होते. शंभर रुपयांची भाजी फोनवरून घेतली तर जवळजवळ अठरा रुपये बँकेला. सरकारच्या आदेशानंतर त्यातले काही पैसे परत झाले. आमच्या बायकांच्या पासबुकात तेव्हाचे ते कापलेले आकडे अजून छापलेले आहेत. त्या वेळी कुणाला कळलंच नव्हतं ते कशाचे, कारण एंट्रीपुढे इंग्रजीतली तुटक अक्षरं होती.

विम्याचंही इथेच सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवनज्योती ४३६ रुपयांत मिळतो. दोन्हींत कुटुंबाला दोन लाखांचं संरक्षण आहे आणि माझं मत विचाराल तर प्रत्येकीने घ्यावेत. पण विचारून, समजावून. खात्याच्या फॉर्मवर आधीच टिकमार्क करून सही घ्यायची आणि मे अखेरीस खात्यातून ४३६ गेले की बाईने महिनाभर शोधत बसायचं, हे बरोबर नाही. त्याहून वाईट म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना विमा होता हेच ठाऊक नसतं, आणि दावा करायचा राहून जातो.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली तेव्हा हे सगळं एकदम उघड्यावर आलं. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १,५०० रुपये, थेट तिच्या खात्यात. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत शाखांबाहेर रांगा लागल्या होत्या, पावसात, छत्र्या धरून. बऱ्याच जणींना तिथे पहिल्यांदा समजलं की त्यांचं खातं त्यांचं नाहीच, नवऱ्याबरोबरचं जोडखातं आहे. कुणाचं आठ वर्षांपूर्वी एका शिबिरात काढलेलं खातं बंद पडलं होतं. कुणाचे पैसे जमा झाले आणि बँकेने जुनी थकबाकी आणि दंडापोटी ते कापून घेतले. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातून अशा तक्रारी आल्या आणि हे पैसे कापू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

सर्वांत जास्त गोंधळ आधार जोडणीचा होता आणि अजून आहे. बँकेच्या संगणकात आधार नंबर नोंदलेला असतो, पासबुकावरही दिसतो. तरी सरकारी पैसे येत नाहीत, कारण ते एनपीसीआयच्या (बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणारी देशपातळीवरची संस्था) नोंदीत त्या आधारपुढे जे खातं असेल तिथे जातात आणि एका आधारपुढे एका वेळी एकच खातं असतं. बाईने मध्ये कधीतरी मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना एखादं पेमेंट बँकेचं खातं काढलेलं असतं, किंवा काढल्याचं तिला माहीतही नसतं, आणि पैसे तिकडे जमत राहतात. आमच्याकडे एक जण होती, गॅसची सबसिडी बंद झाली म्हणून सिलिंडरवाल्याशी भांडत होती. पैसे अशाच एका विसरलेल्या खात्यात पडून होते. शाखेत पाच मिनिटं बसून कुणी हे तपासून सांगितलं असतं तर निकाल लागला असता. तिला "आधार लिंक आहे, आमच्याकडून क्लिअर आहे" एवढंच सांगण्यात आलं होतं.

खातं नसलं तर काय बिघडतं, असं विचारणारेही भेटतात. दिघा-ऐरोलीच्या सोसायट्यांमधून आता पगार रोख द्यायला कुणी राजी नसतं. "ताई, जीपे नंबर द्या," म्हणतात. ताईकडे स्वतःचं खातं नसेल तर ती दिराचा नंबर देते, नाहीतर जावयाचा, शेजारणीच्या मुलाचा. महिनाभर चार घरची धुणीभांडी करून आलेले पैसे दुसऱ्याच्या फोनवर वाजतात. तो देईल तेव्हा मिळतात, देईल तेवढे मिळतात. आमच्या गटात मार खाऊन आलेल्या बायका आहेत. घर सोडायचं ठरवलं तरी स्वतःची कमाई स्वतःच्या हातात नाही म्हणून त्या थांबल्या. मी या पत्रात एवढी जीव तोडून लिहिते आहे ती या बायकांसाठी.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाची मदत, फेरीवाल्यांचं स्वनिधी कर्ज, विधवा पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, सगळ्याच्या दाराशी खातं लागतं. याच्या उलट माथाडी कामगारांकडे, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांकडे पाहा. १९६९ च्या कायद्याने माथाडी मंडळं झाली, मजुरी मंडळात भरली जाऊ लागली आणि तिथून हमालाच्या खात्यात. आज एपीएमसीतल्या, म्हणजे वाशीच्या मार्केटातल्या, नोंदीत माथाडीकडे मजुरीचा पुरावा असतो, त्यावर त्याला कर्ज मिळतं, घर मिळतं. त्याच मार्केटात बाजूला बसून लसूण सोलणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नसतं.

आता नव्याने केवायसीचा, म्हणजे खातेदाराची ओळख कागदपत्रांवरून पटवून घेण्याचा, प्रश्न आला आहे. जनधनची पहिली खाती २०१४-१५ मधली. कमी जोखमीच्या खात्याचं केवायसी दहा वर्षांनी पुन्हा करायचं असतं, त्यामुळे ती सगळी एकदम मुदतीला आली. २०२५ च्या जुलैपासून देशभर त्यासाठी शिबिरं झाली. गावात ग्रामपंचायतीत शिबिर लावलं की अर्धं गाव चालत येतं. नवी मुंबई किंवा ठाण्यासारख्या महापालिकेत एखाद्या वॉर्डात, कामाच्या दिवशी, सकाळी अकरा ते चार शिबिर ठेवलं, तर घरकामवाली आणि नाक्यावरचा माणूस तिथे येऊच शकत नाहीत. पत्त्यात किंवा कशात बदल नसेल तर पुन्हा कागदपत्रं लागत नाहीत, नुसतं घोषणापत्र पुरतं. ही सोय कुठल्याही शाखेत देण्याचा विचार करा, असंही रिझर्व्ह बँकेने बँकांना सुचवलं आहे. तरी आमच्या माणसांना "खातं परभणीचं आहे ना, मग परभणीला जाऊन करा," असं सांगितलं जातं. परभणीचं जाण्या-येण्याचं भाडं आणि तीन दिवसांची मजुरी कोण देणार?

शाखांमधल्या कर्मचाऱ्यांची बाजू मला माहीत आहे. जिथे पूर्वी सहा माणसं होती तिथे आज तीन आहेत. झिरो बॅलन्स खात्यातून शाखेला उत्पन्न नाही, आणि वरून विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्डाची टार्गेटं डोक्यावर. रांगेत उभ्या असलेल्या अंगठेबहाद्दर बाईला वीस मिनिटं देणाऱ्या क्लार्कची कुणी पाठ थोपटत नाही. तरीही विटाव्याजवळच्या एका शाखेतल्या मॅडम बुधवारी दुपारी फक्त अशा खात्यांचं काम घेतात, फॉर्म मराठीतून समजावतात, कार्डाचा पिन स्वतः उभं राहून सेट करायला शिकवतात. एका माणसाने ठरवलं तर होतं, हे आम्ही पाहिलं आहे. पण हजारो बायकांचं खातं एका मॅडमच्या चांगुलपणावर आणि त्यांच्या बदलीच्या तारखेवर अवलंबून राहू नये.

म्हणून पोच.

ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून त्यांचं केवायसी होत नव्हतं. त्यानंतर ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने केवायसीचे नियम दुरुस्त केले. खात्याचा किंवा केवायसीचा अर्ज नीट विचार केल्याशिवाय फेटाळू नये आणि फेटाळला तर संबंधित अधिकाऱ्याने कारणाची नोंद करावी, असं आता नियमातच आहे. केवायसीच्या नावाखाली गरीब आणि मागास माणसांना बँकसेवा नाकारली जाऊ नये, हेही त्यात आहे. नियम चांगला आहे. पण अर्जच हातात घेतला नाही तर विचार कशाचा करणार, आणि कारणाची नोंद कुठल्या कागदावर होणार? आमच्या काउंटरवर नेमकं हेच घडतं.

पोच हातात असली की पुढची सगळी दारं उघडतात. बँकेकडे आधी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १४४४८ हा मदतीचा नंबरही आहे. पण तक्रारीला जोडायचं काय? "मी गेले होते, मला नाही म्हणाले" याला पुरावा नसतो. सही-शिक्क्याचा एक कागद असला की असतो.

जिल्हाधिकारी साहेब, प्रत्येक जिल्ह्यात एका बँकेकडे पुढाकार सोपवणारी लीड बँक (अग्रणी बँक) योजना १९६९ पासून आहे आणि बँकांना जिल्ह्याच्या गरजांना उत्तरदायी करणं हाच तिचा हेतू आहे. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. सल्लागार समितीचे अध्यक्ष आपण आहात आणि तिच्यासमोर सगळ्याच बँका बसतात, खासगीही. समितीच्या तिमाही आढाव्यात शाखानिहाय तीन आकडे मागा: मूलभूत खात्यासाठी किती अर्ज आले, किती खाती उघडली, किती अर्ज कुठल्या कारणाने नाकारले. ज्या शाखेत तीन महिन्यांत एकही अर्ज आलेला दिसणार नाही, तिथे दिघ्यासारखी वस्ती शेजारी असताना तसं का, हे विचारता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको.

अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना विनंती, की शाखांच्या काउंटरवरच्या मुलामुलींना पत्त्याचं घोषणापत्र, छोटं खातं आणि अंगठा न उमटल्यास काय करायचं, या तीन गोष्टी पुन्हा समजावून द्या. काउंटरजवळ मराठीत एक फलक लावा: इथे झिरो बॅलन्स खातं मिळतं, त्यासाठी अमुक कागद लागतात, करार लागत नाही. शिबिरं रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर वस्तीत ठेवा. जागा, टेबलं, माणसं गोळा करणं हे आमच्या गटांकडे लागलं.

शाखाधिकाऱ्यांना एवढंच कळवते. अर्जाचा मराठी नमुना आम्ही तयार केला आहे आणि तो या पत्रासोबत देत आहोत. त्यावर अर्जदाराचं नाव, सध्याचा पत्ता, जोडलेली कागदपत्रं आणि "मला मूलभूत बचत ठेव खातं हवं आहे" हे एक वाक्य आहे. येत्या सोमवारपासून आमच्या गटांतल्या ज्यांना खातं हवं आहे त्या दोन प्रती घेऊन तुमच्याकडे येतील. एक प्रत ठेवून घ्या. दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का करून परत द्या. खातं देता येत नसेल तर कारण त्याच कागदावर लिहा, मराठीत.

कळावे,

आपली,
महिला बचत गटांची एक कार्यकर्ती
दिघा, नवी मुंबई